दुर्गुणांचा नफा आणि त्याचा हिशेब

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी आपल्याला लहानपणापासून पाठ असते. नावच बघा, षड्रिपू. सहा शत्रू. आता कुणी म्हणालं, की या शत्रूंच्या जिवावरच घर चालतंय, तर?

बर्नार्ड मँडेव्हिल नेमकं हेच म्हणाला. हा हॉलंडमध्ये जन्मलेला, लंडनला स्थायिक झालेला डॉक्टर. १७०५ साली त्याने एका पोळ्यावर कविता लिहिली. पोळं भरभराटीला आलेलं, पण माश्या लोभी, दिखाऊ, लबाड. तरी त्याच लबाडीविरुद्ध ओरडणार. देव वैतागतो आणि सगळ्यांना प्रामाणिक करून टाकतो. मग वकिलांना पक्षकार मिळेनात, कुलूपवाल्याला गिऱ्हाईक मिळेना, बांधकामं थांबली. पोळं ओस पडलं. पुढे १७१४ला याचं पुस्तक झालं. खाजगी दुर्गुण, सार्वजनिक लाभ, असं त्याचं सूत्र.

त्याच्यावर अन्याय नको. चोरी करा, असं तो सांगत नाही. वेल छाटून, बांधून ठेवला तरच फळ देतो. तसंच दुर्गुणांना कायद्याने आवरलं तरच त्यांचा उपयोग, हे त्याने लिहिलंय. ढोंगावरचा त्याचा वार तर आजही झोंबतो.

पण युक्तिवादात खोट आहे. ॲडम स्मिथने १७५९ साली ती दाखवली. मँडेव्हिल प्रत्येक इच्छेलाच दुर्गुण ठरवतो, मग ती कितीही माफक असो. अंगावर बरा कपडा हवा, हाही मद! एकदा असं ठरवलं, की सगळा व्यापार पापावर चालतो हे सिद्ध करायला कष्ट पडत नाहीत.

दुसरी खोट मला जास्त गंभीर वाटते. १७२३च्या आवृत्तीत त्याने गरीब मुलांच्या धर्मादाय शाळांविरुद्ध निबंध जोडला. शिकलेली पोरं हलकी कामं करणार नाहीत, म्हणून त्यांना शिकवू नका! म्हणजे श्रीमंताचा लोभ समाजाच्या फायद्याचा, आणि गरिबाची शिकायची इच्छा मात्र तोट्याची. मग 'सार्वजनिक लाभ' यातलं सार्वजनिक म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेलाय. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला: महसूल येतो रयतेच्या कष्टातून, आणि शिक्षणावरचा खर्च झुकतो वरच्या वर्गाकडे. मँडेव्हिलवर ते बोलत नव्हते, पण त्याने न लिहिलेली खर्चाची बाजू त्यात आहे.

तेव्हा दुर्गुणातून फायदा होतो का? होतो, कधीकधी भरपूर होतो. पण तेवढ्याने तो गुण ठरत नाही. फायदा कुणाच्या पदरात पडला आणि किंमत कुणी मोजली, हे दोन रकाने भरल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. मँडेव्हिलने एकच भरला. तुमचं मत वेगळं असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.