इन्शुलिननंतरची गोष्ट

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट वर्गात सांगायला फार सोयीची आहे. बँटिंग आणि बेस्ट, १९२१ चा उन्हाळा, स्वादुपिंड काढलेली कुत्री. मग ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला दिलेले पहिले इंजेक्शन. शेवटी पुष्कळ जण आणखी एक प्रसंग जोडतात. वॉर्डात बेशुद्ध मुलांच्या खाटा ओळीने लावलेल्या आहेत, संशोधक एकेका मुलाला टोचत पुढे जात आहेत, आणि ते शेवटच्या खाटेपाशी पोचतात तोच पहिले मूल डोळे उघडते! तास संपतो. मीही कित्येक वर्षे ही गोष्ट अशीच सांगत आलो.

हा प्रसंग असा घडला असणे कठीण आहे. थॉम्प्सनला दिलेला पहिला अर्क इतका अशुद्ध होता की गुण फारसा आला नाही, टोचलेल्या जागी गळू मात्र झाले. खरा गुण आला तो २३ जानेवारीपासून, कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने. पुढे काही आठवड्यांतच खुद्द कॉलिप यांनाही तो अर्क पुन्हा बनवता येईना. वॉर्डभर टोचायला इन्शुलिन आणायचे कोठून? शिवाय मधुमेहातली ही बेशुद्धी टोचल्याबरोबर उतरत नाही; शिरेतून क्षार-पाणी द्यावे लागते, तासन् तास वाट पाहावी लागते.

पण माझी तक्रार प्रसंग खोटा असल्याची नाही. गोष्ट तेथे संपते, ही आहे. डोळे उघडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण सांगत नाही, कारण आपल्यालाही ते ठाऊक नसते.

या संदर्भात दोन इंग्रजी पुस्तके एकापाठोपाठ वाचण्याजोगी आहेत. पहिले मायकेल ब्लिस या कॅनेडियन इतिहासकाराचे ‘द डिस्कव्हरी ऑफ इन्शुलिन’ (१९८२). दुसरे ख्रिस फॉइटनर या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाचे ‘बिटरस्वीट’ (२००३).

ब्लिस यांचे पुस्तक गाजलेले आहे आणि ते योग्यच आहे. मूळ प्रयोगवह्या तपासून त्यांनी दाखवून दिले, की बँटिंग-बेस्ट यांचे सुरुवातीचे प्रयोग बरेच ढिसाळ होते आणि मॅक्लिओड व कॉलिप यांचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा होता. शोध कसे लागतात हे शिकवायला याहून चांगले पुस्तक माझ्या वाचनात नाही. पण मला अडखळायला झाले ते एलिझाबेथ ह्यूजच्या हकिगतीपाशी. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. ११ व्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हाचा एकमेव उपाय म्हणजे डॉ. ॲलन यांचा उपासमारीचा आहार. त्यावर ती तीन वर्षे जगली. ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंगकडे आणली तेव्हा तिचे वजन सुमारे २० किलो होते, वय १५ च्या उंबरठ्यावर. इन्शुलिन सुरू झाले आणि काही आठवड्यांत ती पोटभर जेवू लागली. तिने पदवी घेतली, लग्न केले, तिला तीन मुले झाली, आणि १९८१ साली ७३ व्या वर्षी ती वारली. सुमारे ४२,००० इंजेक्शने! मात्र आपला आजार तिने आयुष्यभर जवळजवळ सर्वांपासून लपवला. इतक्या मोठ्या विजयाची साक्षीदार असलेल्या बाईला तो लपवावासा का वाटला? ब्लिस ही गोष्ट नोंदवतात आणि पुढे जातात. त्यांचा विषय शोध हा आहे; शोधाबरोबर जगणे हा नाही.

फॉइटनर तेथून सुरू करतात. बोस्टनच्या जॉस्लिन दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी आणि रुग्ण, आईबाप व डॉक्टर यांच्यातली पत्रे हा त्यांचा ऐवज. त्यांचे मुख्य म्हणणे असे: इन्शुलिनने मधुमेह बरा केला नाही, त्याचे रूप पालटले. आधी हा रोग मुलांना महिन्यांत, फार तर दोन-चार वर्षांत संपवत असे. बहुतेक मुले रक्तात आम्ले साचून बेशुद्धीत जात. इन्शुलिनने हे मरण मागे ढकलले आणि मुले मोठी झाली. मग १०-१५-२० वर्षांनी असे काही दिसू लागले, जे या मुलांत पूर्वी कोणी पाहिलेच नव्हते, कारण ते पाहण्याइतकी ती जगतच नव्हती. दृष्टिपटलातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटत, मूत्रपिंडे निकामी होत. मधुमेहींच्या मूत्रपिंडातल्या विशिष्ट गाठींचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी केले ते १९३६ साली. रक्तातली साखर एकदम उतरून घाम, थरथर, भ्रम होणे हा तर सरळसरळ उपचारानेच आणलेला त्रास. प्रत्येक नवा उपाय आयुष्य वाढवतो आणि वाढलेल्या आयुष्यात नवा आजार उभा करतो. मग त्यावर उपाय, आणि पुन्हा तेच चक्र. हे वाचताना औषधावरचा राग येत नाही, हे लेखकाचे यश म्हटले पाहिजे.

या पुस्तकाचे सर्वांत मोलाचे भाग ‘नियंत्रण’ या शब्दाभोवतीचे आहेत. डॉ. जॉस्लिन शिस्तीचे कट्टर पुरस्कर्ते. आहार, व्यायाम, इन्शुलिन हे त्यांच्या रथाचे तीन घोडे. लगाम रुग्णाच्या हाती. वाक्य छान आहे. पण रथ उलटला की दोषही सारथ्याचाच ठरतो. डोळे गेले म्हणजे मुलाने पथ्य पाळले नसणार, असे डॉक्टरांना वाटे, आईबापांना वाटे आणि हळूहळू मुलालाही.

येथे लेखकाने एका साधनावर अधिक थांबायला हवे होते, असे माझे मत आहे. आपल्या प्रयोगशाळेत बेनेडिक्टचे द्रावण असते. त्या काळी घरोघरी याच द्रावणात लघवी उकळून साखर पाहत. निळे राहिले तर साखर नाही, मग हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी. आता विचार करा. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणजे साखर १५० असो, ९० असो, की मूल भोवळ येऊन पडावे इतकी ४० असो, परीक्षानळी निळीच! शिवाय ती सांगणार ते काही तासांपूर्वीचे. असल्या मापाच्या भरवशावर मुलांकडून काटेकोर नियंत्रणाची अपेक्षा होती. घरच्या घरी बोटातल्या थेंबाने साखर मोजणे रूढ झाले ते १९८० च्या आसपास.

नियंत्रणाचा उपयोग होतो का, या वादाचा निकालही उशिरा लागला. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ पर्यंत चाललेल्या चाचणीत, साखर कसोशीने आटोक्यात ठेवलेल्या गटात दृष्टिपटलाचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. जॉस्लिन बरोबर होते. पण त्याच गटात साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होते, आणि या रुग्णांच्या हाती मोजायचे यंत्र होते. १९३५ च्या मुलाला जॉस्लिनांचे म्हणणे पाळता आले असते का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पुस्तकाचा खरा दोष दुसरीकडे आहे. बोस्टनच्या नामांकित दवाखान्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार ठेवणारी कुटुंबे ही लिहितीवाचती आणि खर्च झेपणारी. ज्यांना इन्शुलिन परवडलेच नाही त्यांची पत्रे कोठून असणार? मागे उरलेल्या कागदांतून इतिहास लिहिला की उरलेल्या माणसांचाच इतिहास होतो. जॉस्लिन केंद्र १९७० पासून ५० वर्षे इन्शुलिनवर काढणाऱ्यांना पदक देते. या पदकधारकांची पुढे तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या: त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या शरीरात अजून थोडे इन्शुलिन तयार होत होते, आणि गुंतागुंत टळणे न टळणे हे त्यांच्या साखरेच्या नियंत्रणाशी जुळत नव्हते. यावरून नियंत्रण व्यर्थ असे मुळीच ठरत नाही. ज्यांना त्याच्या अभावाची किंमत मोजावी लागली त्यांतले पुष्कळ जण पदकाच्या रांगेपर्यंत पोचलेच नाहीत. पण पदक केवळ शिस्तीचे नव्हे, एवढे मात्र कळते. वरच्या वर्गांना निवडलेल्या नमुन्यातली चूक शिकवायला हे उदाहरण फार चांगले आहे.

फॉइटनर यांचा भर विसाव्या शतकावर आहे. त्यांचे चक्र त्यानंतरही फिरते आहे. त्वचेखालच्या संवेदकाने दर पाच मिनिटांनी साखर मोजून पंपाला इन्शुलिनचा हिशेब देणारी यंत्रे आली. २०२२ साली अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते रोग टाळत नाही, लांबवते. आणि लहानपणी मधुमेह झालेली माणसे आता सत्तरी ओलांडू लागली आहेत. साखर उतरल्याची जाणीवच न होणे, थरथरत्या हाताने मात्रा मोजणे, सकाळचे इंजेक्शन घेतले की नाही हे न आठवणे, ही या रोगाची सर्वांत नवी रूपे. एलिझाबेथ ह्यूजच्या पिढीत ती मोजक्यांच्याच वाट्याला आली.

आपल्याकडे केंद्रीय शालान्त मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाणी नेण्याची परवानगी दिली. तिची गरज का पडते, हे ब्लिस वाचून उमगणार नाही. तासाची तयारी करायला ब्लिस पुरेत. वर्गात दुपारच्या सुट्टीआधी डबा उघडणारे, किंवा तो उघडायला लाजणारे मूल असेल, तर मात्र फॉइटनर यांच्या पुस्तकातली पत्रे आधी वाचावीत.