‘एअरबोर्न’ : वैद्याची प्रतिभा आणि प्रवाशाची सुरक्षितता

वैद्यकीय नाट्याचा प्राण निदानात असतो. रोग अज्ञात, वेळ थोडा आणि वैद्य बुद्धिमान, या तीन गोष्टी जुळल्या की कथानक आपोआप गती घेते. परंतु नाट्याला उपकारक ठरणारी ही रचना जीविताच्या रक्षणाविषयी कोणती समजूत प्रेक्षकाच्या मनात रुजवते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘हाउस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील अठरावा भाग ‘एअरबोर्न’ (१० एप्रिल २००७) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील डोंगरी वस्त्यांना वैद्याच्या अंतराचा जो अनुभव आहे, तो या परीक्षणास उत्तम कसोटी पुरवतो.

कथानक असे. सिंगापूरहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या विमानात डॉ. हाउस व डॉ. कडी प्रवास करीत असतात. एका प्रवाशास उलट्या होतात व अंगावर पुरळ दिसते. प्राणघातक मेंदूज्वराची शंका येते, आणि पाहता पाहता इतर प्रवासीही आजारी पडू लागतात. सहकारी जवळ नसल्याने हाउस सहप्रवाशांतूनच तिघांना त्यांच्या भूमिका देतो. अखेरीस उलगडा होतो तो असा : मूळ रुग्ण समुद्रात खोल बुडी मारून आला होता व त्याला दाबबदलाची व्याधी जडली होती, बाकीच्यांना जडली होती ती केवळ भीती.

विमान, आजार आणि योगायोगाने लाभलेला वैद्य ही योजना नवी नाही. आर्थर हेली यांच्या १९५६ च्या ‘फ्लाइट इंटू डेंजर’ या कॅनेडियन दूरचित्रवाणी नाटकात अन्नविषबाधेने वैमानिकच निकामी होतात आणि त्यांची जागा एका प्रवाशाला घ्यावी लागते. तेथे संकट एका जेवणातून उद्भवते व संपूर्ण विमानावर येते. ‘एअरबोर्न’मध्ये संकटाचे बीज एका प्रवाशाच्या उड्डाणापूर्वीच्या वर्तनात आहे. हा फरक महत्त्वाचा आहे.

खोल पाण्यात श्वास घेताना दाबामुळे अधिक नायट्रोजन शरीरात विरघळतो. दाब एकाएकी उतरला की त्याचे बुडबुडे बनतात आणि सांधे, त्वचा व मज्जासंस्था यांना इजा करतात. विमानाची प्रवासी-कक्षा दाबयुक्त असली, तरी आतील हवा समुद्रसपाटीसारखी नसते; ती २,४०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ होऊ शकते. तोरण्याचा माथा सुमारे १,४०० मीटर उंच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे आसनावर स्वस्थ बसलेला प्रवासी शरीराच्या दृष्टीने किती वर चढलेला असतो, याची कल्पना येते. तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून लगोलग घाट चढणाऱ्यालाही हाच नियम कमी प्रमाणात लागू आहे. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, व अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत रूढ आहे.

म्हणजे संहितेतील रहस्याचे उत्तर उड्डाणापूर्वीच उपलब्ध होते. त्याच भागातील उपकथानकही हेच सांगते. तेथे रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीचा आजार शेजारच्या घरात केलेल्या धुरीच्या मिथिल ब्रोमाइडमुळे होतो. दोन्ही रोगांची कारणे रुग्णाच्या परिसरात आहेत आणि दोन्ही पूर्वदक्षतेने टळू शकणारी आहेत. लेखक डेव्हिड होसेल्टन यांनी ही दोन कथानके शेजारी ठेवली, हे रचनेचे सामर्थ्य होय. मात्र या साम्यातून निघणारा निष्कर्ष संहिता उच्चारीत नाही. कारण सापडल्याचा आनंद ती साजरा करते. ते कारण आधीच दूर का झाले नाही, हे विचारीत नाही.

भीतीचे चित्रण मात्र खरोखर मार्मिक आहे. डाव्या हाताला कंप सुटणे हे रोगाचे लक्षण असल्याचे हाउस खोटेच जाहीर करतो, आणि प्रवाशांचे हात थरथरू लागतात. बंद जागेत माहितीही संसर्गासारखी पसरते, हे येथे एकाच युक्तीने सिद्ध होते. परंतु या असत्याची किंमत संहिता मोजीत नाही. संकटकाळी सूचनेवरचा विश्वास हेच प्रवाशाचे मुख्य संरक्षण असते. पुढची खरी सूचना त्याने कोणत्या आधारावर मानावी?

वरंधा घाट दरडीने बंद झाला असता, किंवा भाटघर जलाशयापलीकडच्या वाडीतील रस्ता पावसाने तुटला असता, त्या वाडीची स्थिती आकाशातील विमानासारखीच होते : बाहेर पडता येत नाही आणि रुग्णालय पुढच्या टप्प्यावर असते. घोंगडीची झोळी बांबूला बांधून रुग्णाला उतरवणारी माणसे प्रतिभावान वैद्याच्या योगायोगावर विसंबत नाहीत. त्यांना हवा असतो टिकणारा रस्ता, उपकेंद्रात सर्पदंशाची लस आणि २०१४ पासून राज्यात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वाडीपर्यंत पोहोचण्याची सोय. विमानातही हेच खरे. अमेरिकेतील मोठ्या प्रवासी विमानांत हृदयाला विजेचा धक्का देणारे उपकरण २००४ पासून सक्तीचे झाले, ते एका नियमामुळे.

‘एअरबोर्न’ची नाट्यदृष्ट्या सफलता वादातीत आहे. परंतु त्यातील प्रवासी वाचतो तो नशिबाने, आणि नशिबाला सुरक्षितता म्हणता येत नाही. वैद्य नसलेल्या विमानात याच रुग्णाचे काय झाले असते, हा प्रश्न संहितेने वगळला आहे; वाडीवरच्या प्रेक्षकाला तो सर्वप्रथम सुचेल.