उरलेल्या ७०१ नोंदी : उडत्या तबकड्यांच्या पुराव्याची छाननी

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) या चित्रपटातला एक प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला आहे. मोठा जमाव एकच सुरावट गातो आहे. हे सूर कुठून आले, असे विचारताच शेकडो हात एकदम आकाशाकडे उठतात. प्रसंग परिणामकारक आहे, कारण साक्षीदारांच्या संख्येचे सगळे वजन एका क्षणात प्रेक्षकावर येऊन पडते. एवढी माणसे खोटे कशाला बोलतील? पण पुरावा म्हणून पाहू गेल्यास या हातांनी एकच गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे दिशा. वर काय होते, किती अंतरावर होते, केवढे होते, यांपैकी कशाचेही उत्तर त्या हातांत नाही. अज्ञात उडत्या वस्तूंच्या पाऊणशे वर्षांच्या नोंदी वाचताना हाच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो.

चित्रपटाचे नाव ज्यांच्या वर्गीकरणातून आले, ते अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. १९४८ पासून ते अमेरिकी हवाई दलाला या विषयात सल्ला देत होते. आलेल्या नोंदींतून ग्रह, तारे, उल्का निवडून बाजूला काढणे हे त्यांचे काम. आरंभी पक्के संशयवादी असलेले हायनेक वीस वर्षांनंतर मात्र, निवडून झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहते, या मतावर आले. त्यांचे ‘द यूएफओ एक्स्पीरियन्स’ (१९७२) ही या मताची सर्वांत संयमी मांडणी आहे. परग्रहावरचे पाहुणे येऊन गेले, असा त्या पुस्तकाचा दावा नाही. शिल्लक नोंदींकडे विज्ञानाने पाठ फिरवू नये, एवढेच त्याचे मागणे आहे. या विषयावरच्या सवंग पुस्तकांना खोडून काढणे सोपे आहे आणि त्यातून हाती काही लागत नाही. छाननी करायची तर हायनेक यांच्या युक्तिवादाची करावी.

शिल्लक म्हणजे किती? १९४७ ते १९६९ या काळात हवाई दलाने, मुख्यतः ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’च्या नावाखाली, १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ७०१ ‘अनोळखी’ राहिल्या. हे प्रमाण साधारण साडेपाच टक्के. तबकड्यांच्या बाजूच्या लेखनात हा आकडा ‘७०१ पुरावे’ असल्यासारखा वापरला जातो. इथेच पहिली गफलत होते. आपल्याकडे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, असे झाले की पोलीस ‘अ’ समरी अहवाल देऊन फाइल बंद करतात. घरफोडी झाली हे खरे, चोर कोण ते कळले नाही. अशा कितीतरी फायली बंद होतात, म्हणून चोर माणूस नव्हता असे कोणी म्हणत नाही. ‘अनोळखी’ हे वस्तूचे वर्णन नसून तपासाच्या स्थितीचे वर्णन आहे. वेळ चुकीची टिपलेली असेल, दिशा नोंदलेलीच नसेल, साक्षीदार पुन्हा भेटला नसेल, किंवा खरोखरच नवे काही असेल. हे सगळे त्या एकाच शिक्क्याखाली येते.

हायनेक यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी प्रत्येक नोंदीला दोन मोजपट्ट्या लावल्या : घटना किती विलक्षण आणि साक्ष किती विश्वासार्ह. दोन्हींत वरचे गुण मिळवणाऱ्या नोंदी हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा. मोजपट्टी आकर्षक आहे, पण तिच्या दुसऱ्या बाजूत एक खोट आहे. साक्षीदारांची संख्या, त्यांचा व्यवसाय, समाजातली पत यांवरून जी विश्वासार्हता ठरते, ती त्यांच्या प्रामाणिकपणाची. प्रामाणिक माणूस खोटे बोलत नाही. त्याला चुकीचे दिसत नाही, असे मात्र नाही.

तरीही हायनेक यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो. हवाई दलासाठी बॅटेल संस्थेने सुमारे ३,२०० नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले; ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. नोंदी निव्वळ गैरसमजातून आल्या असतील, तर माहिती जितकी चांगली तितकी उकल अधिक व्हायला हवी. दिसले उलटेच. ‘उत्तम’ दर्जाच्या नोंदींपैकी जवळपास एक तृतीयांश अनोळखी राहिल्या, ‘निकृष्ट’ दर्जाच्या नोंदींपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी. या आकड्यांना हसून उडवून लावणाऱ्यांनी ते बहुधा वाचलेले नसतात.

त्यांचे उत्तर शोधायचे तर दिसलेली वस्तू काय होती हे आधीच पक्के ठाऊक असलेली घटना घ्यावी लागते. तशी घटना ३ मार्च १९६८ च्या रात्री घडली. सोव्हिएत ‘झोंड ४’ मोहिमेतले अवशेष वातावरणात शिरून जळाले आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांतून ते दिसले. बहुतेकांनी जळत्या तुकड्यांची रांग पाहिली आणि तसेच सांगितले. काही सुशिक्षित, जबाबदार माणसांना मात्र चिरूटाच्या आकाराचे एकसंध यान दिसले. त्याला प्रकाशित चौकोनी खिडक्या होत्या, इतकेच काय, पत्रे रिव्हेटने जोडल्यासारखे होते! खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी या साक्षींचा बारकाईने अभ्यास केला. अंधारात काही ठिपके एका रेषेत सरकताना दिसले की मन त्यांच्यामध्ये एक काळे शरीर भरून टाकते. मग ठिपक्यांच्या खिडक्या होतात. अशी नोंद तपशिलांनी गच्च असते, म्हणून ती ‘उत्तम’ ठरू शकते. आणि ते तपशील कशाशीच जुळत नाहीत, म्हणून ती ‘अनोळखी’ राहते. बॅटेलचा सगळा आकडा यातून सुटतो असे म्हणता येणार नाही. पण तपशिलांची विपुलता आणि निरीक्षणाची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे झोंडच्या रात्रीने दाखवून दिले.

प्रशिक्षित साक्षीदारांचे काय? याचे उत्तर आपल्याच सीमेवर मिळते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये आपल्या सैन्याने आकाशातल्या प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आत आली, असे नोंदवले गेले. चिनी टेहळणीचा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली आणि त्या वस्तू शुक्र आणि गुरू ठरल्या. यात सैनिकांना हसण्यासारखे काही नाही. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह भलतेच तेजस्वी दिसतात, आणि ज्याला घुसखोरीवर लक्ष ठेवायला नेमले आहे त्याने ठिपक्यात आधी घुसखोर पाहावा, हेच त्याचे प्रशिक्षण. ब्लू बुकच्या नोंदी पुन्हा तपासताना हायनेक यांनाही वैमानिकांच्या चुकांचे प्रमाण अनपेक्षितपणे जास्त आढळले आणि १९७७ च्या पुस्तकात त्यांनी ते प्रांजळपणे छापले. समोरून येणारे काहीही आपल्यावर आदळू शकते असे धरून चालणे हा वैमानिकाचा धर्म. अंतर नेमके ओळखणे हा नव्हे.

मग डोळ्यांऐवजी यंत्रावर भरवसा ठेवावा? यंत्राची साक्षही वाचावी लागते. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली टिपलेली ‘गो फास्ट’ नावाची चित्रफीत जगभर गाजली. समुद्रावरून एक ठिपका विलक्षण वेगाने जाताना तीत दिसतो. नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात पडद्यावरच्याच आकड्यांवरून साधी भूमिती मांडली. वस्तू पाण्यालगत नव्हती, सुमारे १३,००० फुटांवर होती. तिचा वेग ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याइतका निघाला. धावत्या रेल्वेतून पाहताना जवळचे झाड मागच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर सुसाट पळते, तसा हा वेग बराचसा विमानाचा होता.

छायाचित्रांची कथा याहून उद्बोधक. १९९० साली बेल्जियममध्ये घेतलेले त्रिकोणी यानाचे छायाचित्र एकवीस वर्षे या विषयातला ठेवणीतला पुरावा मानले गेले. तज्ज्ञांनी त्यावर लेखन केले. २०११ साली ते काढणाऱ्यानेच सांगितले, की ते यान रंगवलेल्या थर्माकोलचे होते.

मात्र तराजूचे दुसरे पारडेही तपासले पाहिजे, कारण संशयवाद्यांचा हिशेब नेहमीच चोख राहिलेला नाही. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दोन घटनांना हायनेक यांनीच घाईघाईने ‘दलदलीतला वायू’ असे कारण सुचवले आणि देशभर टिंगल झाली. त्या गदारोळानंतर हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास सुरू केला. अभ्यास जेमतेम सुरू झाला होता, तेव्हाच, जानेवारी १९६७ मध्ये, यात काही नाही असे मत कॉन्डन यांनी जाहीर भाषणात देऊन टाकले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांचा निष्कर्ष तसाच आला. आतल्या प्रकरणांत मात्र तपासलेल्या घटनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा उकललेला नव्हता. निष्कर्ष बरोबर असेलही. पण आधी निकाल आणि मग सुनावणी, हा क्रम श्रद्धाळूंचा असतो तसाच इथेही होता. त्याचा तोटा पुढच्या पुराव्याला झाला. हसू होईल या भीतीने वैमानिकांनी नोंदी करणे टाळले, आणि जे नोंदलेच गेले नाही त्याची उकल कशी होणार?

तबकड्यांचे समर्थक इथे उल्कापाषाणांचा दाखला देतात. आकाशातून दगड पडतात असे खेडूत सांगत होते तेव्हा विद्वान हसत होते, हे खरे आहे. पण ते हसू थांबले कशाने? २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्ये लेग्ल गावाच्या परिसरात हजारो दगड पडले, तेव्हा ज्याँ-बाप्तिस्त बियो हे तरुण शास्त्रज्ञ तिथे गेले. गावोगाव फिरून त्यांनी परस्परांशी संबंध नसलेल्या लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड जमवले, ते कुठे कुठे पडले याचा नकाशा काढला. दगड स्थानिक खडकांपेक्षा वेगळे होते आणि एका लंबवर्तुळाकार पट्ट्यात पडले होते. खेडुतांची साक्ष खरी ठरली, कारण तिच्या जोडीला वजन करता येईल असे काही होते. लेग्लचा दाखला साक्षीच्या बाजूचा आहेच. पण त्याहून अधिक तो साक्षीला कशाची जोड लागते याचा आहे.

याचे ताजे उदाहरण आपल्या मातीतले आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात जळते पट्टे सरकताना दिसले. झोंडच्या रात्रीसारखेच दृश्य, त्यामुळे तर्कही नाना प्रकारचे. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपास धातूचे गोळेही सापडले. अवकाशात फिरणाऱ्या वस्तूंच्या नोंदींशी वेळ आणि मार्ग ताडून, हे चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. लाडबोरीची घटना ‘अनोळखी’ राहिली नाही, ती साक्षीदार अधिक चांगले होते म्हणून नव्हे. वस्तू हाती आली, वेळ ठाऊक होती, आणि ताडून पाहायला स्वतंत्र नोंद उपलब्ध होती.

हायनेक यांच्या पुस्तकाचा निवाडा यावरून करता येतो. उरलेल्या नोंदींची हेटाळणी करू नका, हे त्यांचे मागणे आजही रास्त आहे. नासाच्या अभ्यासगटानेही नोंदी करणाऱ्यांच्या माथी बसणारा कलंक पुसण्याची गरज सांगितली आहे. पण निवडक साक्षींच्या राशीतून नव्या प्रकारच्या वस्तूचे अस्तित्व सूचित होते, हे त्यांचे म्हणणे टिकत नाही. काठ्यांची मोळी बांधली की मोडत नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती काठ्यांना लागू पडते. अंतर ठाऊक नसलेल्या शंभर निरीक्षणांची मोळी बांधली तरी अंतर अज्ञातच राहते.

म्हणून ज्याने काही पाहिले त्याला दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. तुम्ही पाहिले, हे मान्य. काय पाहिले, ते ठरवायला घड्याळातली नेमकी वेळ, क्षितिजापासूनची उंची, शेजारचा एखादा ओळखीचा तारा आणि शक्य तर दहा-वीस किलोमीटरवरून दुसऱ्या कोणी केलेली नोंद हवी. त्या ७०१ फायलींतल्या बहुतेकांना आता ही जोड मिळणे नाही. त्या तशाच, निकालाविना राहतील, आणि त्यांना तसे राहू देण्यात अभ्यासाची काही मानहानी नाही.