काढून टाकण्याची कळ कुणाच्या हातात?

मागच्या व्याख्यानात आपण क्लाउडची ओळख करून घेतली. दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला संगणक आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरतो, इतकं त्यातून लक्षात राहिलं असेल तर आजच्यासाठी पुरेसं आहे. आज त्याच विषयाची जरा अडचणीची बाजू घेतो. नवं सॉफ्टवेअर आपल्या यंत्रात कसं शिरतं हे सांगायला जाहिराती आहेत, विक्रेते आहेत, यूट्यूबवरचे उत्साही तरुण आहेत. ते बाहेर कसं काढायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्ही क्लाउडची पारख करतो ती या मागच्या दारावरून. पुढचा दरवाजा सगळ्यांचाच सजवलेला असतो.

आधी क्लाउडच्या अलीकडचा काळ बघू. आपल्याकडे नको असलेलं सॉफ्टवेअर काढायचा सर्वमान्य उपाय एकच होता: मशीन फॉरमॅट मारा आणि नव्याने विंडोज टाका. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला हेच करायचा. म्हणून तर फोटो आणि कागदपत्रं डी ड्राइव्हमध्ये ठेवायची सवय घराघरांत लागली, कारण सी ड्राइव्ह कधीतरी पुसला जाणार हे ठरलेलंच. हे अडाणीपण होतं असं आम्हाला वाटत नाही. लोकांना अनुभवाने कळलं होतं की अनइन्स्टॉल केल्यावर सगळं जात नाही.

का जात नाही? विंडोज 95 मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स' नावाची यादी आली. दिसायला ती फार व्यवस्थित. नाव निवडा, बटण दाबा, संपलं. पण त्या बटणामागे जो प्रोग्राम चालतो, तो बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनेच लिहिलेला असतो. म्हणजे घर सोडणाऱ्या भाडेकरूलाच सांगायचं की तुझं सामान किती होतं ते तूच मोज आणि तूच उचल. प्रामाणिक भाडेकरू सगळं नेतो. बाकीचे रजिस्ट्रीत नोंदी ठेवतात, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं ठेवतात, ब्राउझरमध्ये एखादी पट्टी चिकटवून जातात.

आणि काही भाडेकरूंना तर यादीतच यायचं नसतं. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. 1998 साली अमेरिकेच्या न्याय खात्याने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचं म्हणणं, हा ब्राउझर विंडोजचाच भाग आहे, तो वेगळा काढताच येत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी सरकारच्या बाजूने तो काढून दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याने विंडोज कसं बिघडतं हे दाखवायला मायक्रोसॉफ्टने न्यायालयात चित्रफीत आणली, आणि त्या चित्रफितीतल्या विसंगतींमुळे कंपनीचीच पंचाईत झाली. 2001 साली अपील न्यायालयाने जे बेकायदा ठरवलं, त्यात एक मुद्दा अगदी घरगुती वाटावा असा होता: ब्राउझरला काढून टाकायच्या यादीतून वगळणं. एवढ्या मोठ्या खटल्यात एका यादीतल्या एका ओळीला महत्त्व मिळालं. आम्हाला ते रास्त वाटतं.

फेल्टन पुन्हा भेटतात 2005 मध्ये. सोनी बीएमजीने गाण्यांच्या काही सीडींवर नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी संगणकात घातली की ते आत बसायचं आणि स्वतःला लपवायचं. मार्क रसिनोविच यांनी ते उघडकीला आणलं. हाताने काढायला गेलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. मग कंपनीने काढून टाकायचं साधन दिलं, आणि फेल्टन व अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिलं की त्या साधनामुळे सुरक्षेत आणखी मोठं भगदाड पडतं. दहा वर्षांनी, 2015 मध्ये, लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिरात घुसवणारा प्रोग्राम सापडला. तो अनइन्स्टॉल केला तरी त्याने बसवलेलं सुरक्षा प्रमाणपत्र मागे राहायचं, आणि धोका होता तो त्या प्रमाणपत्रातच. पाहुणा गेला, पण किल्ली दारालाच ठेवून गेला.

आता क्लाउडकडे येऊ. इथे आम्हाला मोकळेपणाने कौतुक करायचं आहे. अ‍ॅमेझॉनने 2006 साली भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली. तो सर्व्हर म्हणजे मोठ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक. काही मिनिटांत उभा राहतो, काम झालं की पुसून टाकता येतो. पुढे 2013 मध्ये डॉकर आलं आणि कंटेनरची पद्धत सर्रास झाली. यात प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तू एका बंद डब्यात भरतात. मूळ साचा फक्त वाचता येतो; प्रोग्राम चालताना जो काही पसारा करतो, तो वरच्या एका पातळ थरात होतो. डबा फेकला की थर गेला, पसारा गेला, खालचा साचा जसाच्या तसा. एखादा सर्व्हर बिघडला तर तो साफ करत बसायचं नाही, मोडायचा आणि त्याच साच्यातून नवा काढायचा. आपला दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायचा तेच हे तत्त्व, पण काही सेकंदांत आणि डी ड्राइव्हची धास्ती न बाळगता, कारण टिकवायचा डेटा मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेला असतो.

आमच्या मते क्लाउडचा हा सर्वांत मोलाचा शोध आहे. नको ते सॉफ्टवेअर मागमूस न ठेवता काढायचं कसं, या जुन्या प्रश्नाला मिळालेलं इतकं स्वच्छ उत्तर याआधी नव्हतं.

पण बघा, हे उत्तर मिळालं कुणाला? डेटा सेंटर वापरणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांना. त्याच कंपन्यांनी आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपसाठी जे पाठवलं, त्यात ही स्वच्छता अभावानेच दिसते. अपवाद क्रोमबुकचा. 2011 पासून विकल्या जाणाऱ्या या लॅपटॉपवर 'पॉवरवॉश' नावाची सोय आहे. ती वापरली की यंत्र कारखान्यातून आल्यासारखं होतं. मात्र ही सोय इतकी बिनघोर आहे, कारण आपली बरीचशी वस्तू त्या यंत्रात नसतेच, गूगलच्या खात्यात असते. यंत्र रिकामं करणं सोपं झालं, खातं रिकामं करून बाहेर पडणं हे वेगळंच प्रकरण.

वनड्राइव्हचं उदाहरण जरा सावकाश बघू, कारण श्रोत्यांपैकी अनेकांच्या लॅपटॉपवर ते आत्ता चालू असेल. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलात की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. फुकट जागा 5 जीबी. ती भरली की जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू. वैतागून माणूस दोन गोष्टी करतो. पहिली, वनड्राइव्हमधल्या फाइली डिलीट करतो. इथे घात होतो, कारण हा आरसा दोन्ही बाजूंनी चालतो: इथून पुसलं की तिथूनही जातं, आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही. वैयक्तिक खात्यात 30 दिवस रिसायकल बिनमधून परत आणता येतं, पण ते माहीत असेल तर. दुसरी, वनड्राइव्हच अनइन्स्टॉल करतो. मग ज्या फाइलींच्या नावापुढे ढगाचं चिन्ह होतं, त्या यंत्रात नव्हत्याच, नुसती पाटी होती, हे उशिरा कळतं. फाइली हरवलेल्या नसतात, वेबसाइटवर असतात. पण डेस्कटॉप रिकामा पाहिलेल्या माणसाला हे कोण समजावणार?

नीट काढायचं तर क्रम असा. आधी फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं खाली उतरू द्या. मग सेटिंगमध्ये तिन्ही फोल्डरांचा बॅकअप थांबवा. तरीही फाइली अनेकदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात. त्या हाताने मूळ जागी आणा. त्यानंतर 'अनलिंक धिस पीसी', आणि शेवटी अनइन्स्टॉल. आत येताना एक संमती, तीही धड न विचारता. बाहेर जाताना पाच पायऱ्या, आणि क्रम चुकला तर छातीत धडकी. हे तंत्राच्या मर्यादेमुळे झालेलं नाही. ज्या लोकांना हजारो सर्व्हर सेकंदांत मोडता आणि उभारता येतात, त्यांना एक सरळ 'सगळं घरी परत आणा आणि निघा' असं बटण देता आलं नसतं, यावर आमचा विश्वास नाही.

भाड्याच्या सॉफ्टवेअरची तऱ्हा आणखी वेगळी. अडोबीने 2013 साली जाहीर केलं की यापुढे फोटोशॉप वगैरेच्या नव्या आवृत्त्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवरच मिळतील. इथे अनइन्स्टॉल या शब्दाचा अर्थच बदलला. प्रोग्राम यंत्रातून काढला तरी वर्गणी कापली जातच राहते. खरं काढणं म्हणजे वर्गणी रद्द करणं. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अडोबीवर दावा लावला: मुदतीआधी रद्द केल्यास लागणारं शुल्क नीट दिसू दिलं नाही आणि रद्द करणं अवघड करून ठेवलं, असा आरोप. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 13 फसव्या मांडण्यांची यादी काढली, तिच्यात वर्गणीचा सापळा आहे. यादी चांगली आहे, वाचा.

कळ दुसऱ्याच्या हातात असली की ती उलटीही दाबली जाते. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं दुरूनच पुसली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पुस्तकं कोणती, तर ऑरवेलचं '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'. कादंबरीकाराला असा योगायोग सुचला असता तर संपादकाने कापला असता. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, हेही सांगायला हवं.

आता आमच्यावर आक्षेप येतो की सामान्य माणसाला हे सगळं काढायचं कशाला? क्लाउडमुळे त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तरी मुलीच्या बारशाचे फोटो वाचतात. खरं आहे. खंडणीखोर व्हायरसने डिस्क कुलूपबंद केली तर वनड्राइव्हमधली जुनी आवृत्ती परत आणता येते, हेही खरं. आम्ही कुणालाही क्लाउड सोडा म्हणत नाही. पण ज्याला सोडायचं नाही, त्यालाही सोडता येण्याचा उपयोग असतो. भाडेकरू निघून जाऊ शकतो हे माहीत असलं की घरमालक नळ वेळेवर दुरुस्त करतो.

कायद्याने हे होतं का? थोडं होतं. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च 2024 पासून तिथल्या विंडोजमध्ये एज ब्राउझर नेहमीच्या यादीतून काढता येतो. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात एक अट होती की अँड्रॉइड फोनवर आधीच बसवलेली गूगलची अ‍ॅप काढायला वापरकर्त्याला अडवू नये. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आणि नेमकी ही अट काही इतर अटींबरोबर रद्द केली. त्यामुळे आजची स्थिती अशी की म्युनिकला राहणाऱ्या मराठी माणसाने तिथे सेटअप केलेल्या लॅपटॉपवरून एज दोन क्लिकमध्ये निघतो, आणि त्याच्या सोलापूरच्या भावाच्या लॅपटॉपवर, विंडोज तेच असलं तरी, काढायचं बटण तसं दबत नाही.

इथे थांबतो. वनड्राइव्हचा क्रम कुणाला पुन्हा हवा असेल तर आधी तोच प्रश्न घेऊ.