अनुपस्थित पुरुष: ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘द स्कार्लेट लेटर’

हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) ही कादंबरी आणि तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) हे नाटक यांतील साम्य सहज नजरेत भरते. विवाहबाह्य मातृत्वाला सामोरी जाणारी स्त्री, प्रतिष्ठेआड दडलेला पुरुष आणि न्यायासनावर बसलेला समूह दोन्हीकडे आहे. हे साम्य मात्र फसवे आहे. खरा भेद आहे तो त्या पुरुषाच्या स्थानाचा.

डिम्सडेल सतत वाचकासमोर असतो. हेस्टरने बापाचे नाव सांगावे अशी विनवणी करण्याचे काम त्याच्यावरच येते. पुढे लपवलेले पाप त्याला पोखरते आणि त्याच वेदनेने त्याची प्रवचने प्रभावी होऊन त्याची कीर्ती वाढते! प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. त्यामुळे नाटकात अपराधभावाला राहावयास अंतःकरणच उरत नाही.

उरतो तो संशय. सामंताची साक्ष या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. दामल्यांच्या खोलीतील संभाषण तो सांगतो ते हातातल्या कादंबरीच्या आधाराने. तरी ती साक्ष ग्राह्य ठरते. सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकील होतात. आरोप भ्रूणहत्येचा आणि निकाल बेणारेच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा, ही विसंगती त्या अभिरूप न्यायालयात कोणालाही खटकत नाही. (सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याच्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’त पुरुषालाही जाब विचारला होता. त्यानंतर ८५ वर्षांनीही खटला एकट्या स्त्रीवरच चालावा, हे लक्षणीय आहे.)

बेणारेचे अखेरचे स्वगत कबुलीजबाब म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. डिम्सडेल चौथऱ्यावर, भरल्या जमावासमोर बोलतो. कबुलीला श्रोता लागतो. बेणारेला मिळते ती दहा सेकंदांची मुदत, आणि ती बोलते तेव्हा इतर पात्रे गोठलेली असतात. ज्या न्यायालयाच्या दप्तरी नोंदच होणार नाही, तेथे केलेला हा बचाव आहे. हेस्टरच्या छातीवरील अक्षराचा अर्थ लोकांच्या मनात वर्षांगणिक पालटत गेला, कारण ती त्यांच्यातच राहून काम करीत राहिली. बेणारेची तर नोकरीच जाणार आहे.

निश्चल पडलेल्या तिच्याजवळ शेवटी एक हिरवा कापडी पोपट ठेवला जातो. तो ठेवणारा सामंतच असतो.