पदवीस्तरावरील आंतरराष्ट्रीय संबंध : परिभाषा, सिद्धांत आणि गोव्याचे उदाहरण

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय पदवीस्तरावर स्वतंत्र पदवी म्हणून शिकवावा, की राज्यशास्त्राच्या पदवीतील एक अभ्यासपत्रिका म्हणून, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होत असते. काही खासगी विद्यापीठांनी स्वतंत्र पदवी सुरू केल्यामुळे आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा मार्ग मोकळा केल्यामुळे या चर्चेला पुन्हा बळ मिळाले आहे. परंतु पदवीच्या नावाचा प्रश्न दुय्यम आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विषयाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर दिल्याशिवाय काढलेली स्वतंत्र पदवी म्हणजे एका अभ्यासपत्रिकेतील उणिवा अनेक अभ्यासपत्रिकांमध्ये पसरविणे ठरेल.

विषयाची घडण

स्वतंत्र अध्ययनविषय म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांचा आरंभ सामान्यतः 1919 मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झालेल्या वुड्रो विल्सन अध्यासनापासून मानला जातो. पहिल्या महायुद्धाचा संहार पुन्हा घडू नये, ही त्यामागील प्रेरणा होती. त्याच अध्यासनावर 1936 मध्ये आलेल्या ई. एच. कार यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात या आशावादाचीच कठोर चिकित्सा केली. तात्पर्य, हा विषय जन्मापासूनच एक वाद आहे. भारतात 1955 मध्ये दिल्लीत ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही संस्था स्थापन झाली व 1970 मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. संशोधनाचे शिखर अशा रीतीने राजधानीत उभे राहिले. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत मात्र हा विषय राज्यशास्त्राच्या पदवीतील एक घटक म्हणूनच पोहोचला.

या प्रवासात मूळ वाद हरवला आणि दोन याद्या उरल्या. पहिली यादी सिद्धांतांची : वास्तववाद, उदारमतवाद, मार्क्सवाद, रचनावाद, स्त्रीवाद. दुसरी यादी घटनांची व संघटनांची : शीतयुद्ध, अलिप्ततावाद, संयुक्त राष्ट्रे, सार्क. अभ्यासक्रमाच्या एका घटकात पहिली यादी संपते आणि पुढच्या घटकात दुसरी सुरू होते. सिद्धांताच्या साहाय्याने घटनेचा उलगडा करणे किंवा घटनेच्या आधारे सिद्धांताची परीक्षा करणे ही जी या विषयाची खरी कृती, तिला दोन्ही घटकांत स्थान नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत या विषयाला स्थान असल्यामुळे विद्यार्थी त्याकडे वळतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु स्पर्धा परीक्षेच्या टिपणांनी यादीची सवय अधिकच दृढ केली आहे, हेही नाकारता येत नाही.

परिभाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते आणि तिची चर्चा क्वचितच होते. या विषयाचे पारिभाषिक शब्द मराठीत आले ते व्यवहारातील अर्थांचे ओझे घेऊन. ‘अनार्की’ या संज्ञेसाठी रूढ झालेला ‘अराजक’ हा शब्द पाहावा. केनेथ वॉल्ट्झ यांच्या 1979 च्या मांडणीत या संज्ञेचा अर्थ एवढाच आहे, की राज्यांच्या वर आज्ञा देणारी दुसरी सत्ता नाही. मराठी वाचकाला मात्र ‘अराजक’ म्हटले की बेबंदशाही, लुटालूट, दंगल आठवते. मग ‘आंतरराष्ट्रीय व्यवस्था अराजकी आहे’ हे विधान जगात सर्वत्र गोंधळ माजला आहे अशा अर्थाने उत्तरपत्रिकेत उतरते. हेडली बुल यांच्या 1977 च्या ग्रंथाचे ‘द अनार्किकल सोसायटी’ हे शीर्षक या अर्थाने अनाकलनीयच ठरेल, कारण वरिष्ठ सत्ता नसतानाही राज्यांमध्ये नियम व सुव्यवस्था असू शकते, हाच त्या ग्रंथाचा विषय आहे.

‘आदर्शवाद’ आणि ‘वास्तववाद’ या जोडीचेही तसेच. मराठीत ‘आदर्श’ हा शब्द प्रशंसेचा आहे, तर ‘वास्तववाद’ हा साहित्यसमीक्षेतून परिचित झालेला शब्द आहे. साहजिकच पहिला वाद अनुकरणीय आणि दुसरा केवळ यथातथ्य चित्रण करणारा, असा समज होतो. वास्तववाद हाही सत्ता व हितसंबंध यांविषयीची काही गृहीतके स्वीकारणारा सिद्धांत आहे, हे त्यामुळे झाकले जाते.

यावर उपाय नवे शब्द घडविणे हाच असेल असे नाही. ‘अराजक’ या शब्दाची मूळ फोड ‘राजा नसलेले’ अशीच आहे. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मात्स्यन्यायाचा विचार आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. परंतु कौटिल्याच्या मंडलविचारात अनेक राजांवर अधिराजा नाही आणि तरीही षाड्गुण्यात पहिला क्रमांक संधीचा आहे. अर्थशास्त्राची रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1965 या काळात मुंबई विद्यापीठानेच प्रकाशित केली. तेव्हा ही सामग्री आपल्याला परकी नाही. अर्थशास्त्राचा उल्लेख अभिमानापुरता न करता ‘राजाविना व्यवस्था शक्य आहे काय?’ या प्रश्नासाठी केला, तर वॉल्ट्झ आणि बुल यांच्यातील मतभेद विद्यार्थ्याला आपल्याच भाषेत समजू शकतो.

गोव्याचे उदाहरण

दोन याद्या जोडणारे अध्यापन कसे असू शकते, हे पाहण्यासाठी गोवामुक्तीचा विचार करता येईल. महाराष्ट्रात हा विषय इतिहासाच्या तासाला येतो, तो सत्याग्रहाची व लष्करी कारवाईची हकिगत म्हणून. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात तो क्वचितच येतो.

पोर्तुगालने 1951 मध्ये संविधानात बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटले. म्हणजे त्याच्या दृष्टीने गोवा ही वसाहतच नव्हती. भारताच्या दृष्टीने ती वसाहतच होती आणि 14 डिसेंबर 1960 च्या संयुक्त राष्ट्र महासभेच्या ठराव क्रमांक 1514 मुळे या भूमिकेला बळ मिळाले होते. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम 2(4) बलप्रयोगास प्रतिबंध करते आणि 1954 मध्ये पंचशीलाचा पुरस्कार करणाऱ्या भारताने डिसेंबर 1961 मध्ये सैन्य पाठविले. 18 डिसेंबर रोजी सुरक्षा परिषदेत युद्धविराम व सैन्यमाघारीची मागणी करणारा ठराव मांडण्यात आला. त्याच्या बाजूने सात व विरोधात चार मते पडली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो असंमत झाला. पुढे एप्रिल 1974 मध्ये पोर्तुगालमध्ये सत्तांतर झाले आणि 31 डिसेंबर 1974 रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

या प्रकरणातून किती प्रश्न उपस्थित होतात ते पाहावे. शीतयुद्धाच्या गटबाजीने मतदानाचा उलगडा होतो, असे वास्तववादी म्हणेल. मग अमेरिकेशी निकटचे संबंध असलेल्या लायबेरियाने सिलोन आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाबरोबर ठरावाविरुद्ध मत का दिले? वसाहतवादविरोध ही केवळ भाषा होती, की राज्यांचे वर्तन घडविणारी कल्पना? तेरा वर्षे न मिळालेली मान्यता अखेर मिळाली, ती सत्तासमीकरण बदलल्यामुळे, की पोर्तुगालची अंतर्गत राजवट बदलल्यामुळे? आणि सर्वांत अवघड प्रश्न : भारताची कृती न्याय्य होती असे मानूनही ती सनदेशी सुसंगत होती काय? हा प्रश्न वर्गात विचारण्यास आपण कचरतो. परंतु जो विद्यार्थी आपल्या राष्ट्राच्या कृतीची चिकित्सा करू शकत नाही, त्याने इतर राष्ट्रांच्या कृतींवर केलेली टीका ही केवळ पक्षपात ठरते. गोवामुक्तीचे समर्थनही या प्रश्नाला सामोरे गेल्यानंतरच भक्कम होते.

समारोप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. एका प्रकरणावर इतका वेळ दिल्यास अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, हा पहिला. तो खरा आहे आणि म्हणूनच काही वगळावे लागेल. संघटनांची स्थापनावर्षे, मुख्यालये व अंगे यांचे पाठांतर वगळण्यास हरकत नसावी, कारण ही माहिती विद्यार्थ्याला अन्यत्र सहज मिळते. दुसरा आक्षेप असा, की मूळ कागदपत्रे इंग्रजीत आहेत. यावर उपाय आपल्या हाती आहे. काही महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र विभागांनी एकत्र येऊन सनदेची कलमे, महासभेचे ठराव, करार व सुरक्षा परिषदेतील निवडक भाषणे यांचे एक मराठी संकलन सिद्ध करावे. त्यात प्रत्येक पारिभाषिक शब्दाचा व्यवहारातील व शास्त्रातील अर्थ वेगळा करून सांगावा.

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत जगाच्या राजकारणाचा शिस्तबद्ध विचार करण्याची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी असते. ते संशोधक वा राजनयज्ञ होतीलच असे नाही, पण मतदार, शिक्षक, पत्रकार, शेतमालाचे निर्यातदार नक्कीच होतील. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली तेव्हा परराष्ट्र व्यवहाराचा एक भाग नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत आला होता. अशा वेळी मिळालेली माहिती आणि घोषणा यांत फरक करता येणे ही या विषयाच्या पदवीची किमान फलश्रुती असली पाहिजे. ती साधत असेल तर एक अभ्यासपत्रिकाही पुरेशी आहे. साधत नसेल तर तीन किंवा चार वर्षांची स्वतंत्र पदवीही अपुरीच ठरेल.