गॉसिप : स्नानकुंडापासून चव्हाट्यापर्यंत

शब्दांच्या जन्मकथा सांगणारा एक मजकूर मोबाइलवरून अधूनमधून घरोघर येऊन पोहोचतो. पूर्वी म्हणे इंग्लंडातील राजकारणी मंडळी लोकमताचा अंदाज घेण्यासाठी आपल्या माणसांना मद्यगृहात धाडीत आणि बजावीत, ‘गो, सिप’ : जा, घोट घे आणि कान उघडे ठेव. त्यातून ‘गॉसिप’ हा शब्द जन्मला! कथा चटकदार आहे आणि सपशेल खोटी आहे. गॉसिपविषयीचे हे गॉसिपच म्हणायचे. खरी कथा आपल्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या, घरातली आहे आणि ती अधिक वेधक आहे. म्हणून तिची ही उजळणी.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘गॉडसिब’ असा होता. ‘गॉड’ म्हणजे देव आणि ‘सिब’ म्हणजे नातलग. आजच्या ‘सिब्लिंग’मधला ‘सिब’ तो हाच. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाला हाती धरणारे धर्मपिता-धर्ममाता आणि त्या बालकाचे जन्मदाते आईबाप हे त्या क्षणापासून एकमेकांचे ‘देवाच्या ठायी नातलग’ होत. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी 1014 च्या सुमारास, डेन्मार्कच्या स्वाऱ्यांनी देश गांजला असताना, एक घणाघाती प्रवचन केले. त्यात राष्ट्राच्या पापांची जी यादी आहे, तीत या गॉडसिबांच्या आणि धर्मपुत्रांच्या हत्येचा उल्लेख येतो. रक्ताच्या नात्यातली हत्या जितकी घोर, तितकीच ही.

हे नाते केवळ भावनेचे नव्हते. त्याला कायद्याचा कणा होता. सम्राट जस्टिनियनने इ. स. 530 मध्ये धर्मपिता आणि धर्मकन्या यांच्या विवाहास मनाई केली. 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदेने धर्मपिता आणि बालकाची विधवा आई यांचा विवाहही निषिद्ध ठरविला. मध्ययुगात या आध्यात्मिक सोयरिकीचे जाळे इतके वाढले की, गावात लग्नाला मोकळे स्थळ मिळणे कठीण व्हावे. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधील धर्मगुरूच्या तोंडी नात्याचे दोन प्रकार घातले आहेत : एक देहाचे, दुसरे आत्म्याचे, आणि दुसऱ्यातही मर्यादा ओलांडणे हे पापच.

पण त्याच ग्रंथात हा शब्द दुसरीकडे निघालेलाही दिसतो. बाथ गावची ती पाच नवरे केलेली बाई आपल्या ‘गॉसिप’चा उल्लेख करते, तेव्हा तिला अभिप्रेत असते ती जिवाभावाची मैत्रीण. माझे मन आणि माझी गुपिते धर्मग्रामाच्या धर्मगुरूपेक्षाही तिला अधिक ठाऊक, असे ती बिनदिक्कत सांगते. धर्मगुरूंना हे वाक्य बोचेल. मला मात्र त्यात मूळ अर्थाची ऊब अजून जाणवते. कारण ही मैत्री बाळंतिणीच्या खोलीत जन्मलेली असे. इंग्लंडात प्रसूतीच्या वेळी पुरुषांना मज्जाव होता. खिडक्या झाकल्या जात, मेणबत्त्या लागत, बाळंतिणीसाठी मसाल्याचे गरम मद्य शिजे, आणि शेजारच्या अनुभवी बाया सुईणीभोवती जमत. बाळ जगण्याची आशा नसली, तर सुईणीनेच पाणी ओतून स्नानसंस्कार द्यावा, त्यासाठी तिला शब्द अचूक पाठ असावेत, असा ख्रिस्तसभेचा दंडक होता. जिवाशी खेळ चाललेल्या त्या खोलीतल्या स्त्रिया म्हणजे गॉसिप. त्यांच्यापैकीच एखादी पुढे धर्ममाता होई.

दाराबाहेर ताटकळलेल्या पुरुषांना आत काय बोलणे चालते ते कळत नसे. माझी समजूत अशी आहे की, या शब्दाचा अधःपात त्या बंद दाराच्या बाहेरच सुरू झाला.

याचा सर्वांत बोलका पुरावा चेस्टर नगरीच्या धर्मनाट्यमालेत आहे. तेथे बायबलातील प्रसंग निरनिराळे व्यावसायिक संघ सादर करीत. जलप्रलयाचा प्रसंग, औचित्य पाहा, नदीतून पाणी वाहून आणणाऱ्या पाणक्यांच्या वाट्याला होता. शेवटचा प्रयोग 1575 मध्ये झाला. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाची पत्नी एक शब्दही बोलत नाही. चेस्टरच्या रंगमंचावर मात्र ती तारवात चढायलाच नकार देते. माझ्या गॉसिपना सोडून मी येणार नाही, त्या बुडून मरतील, त्यांनी माझ्यावर माया केली आहे; त्यांना आत घे, नाही तर तू वाटेल तिकडे वल्हव आणि दुसरी बायको कर, असे ती नोहाला ठणकावते. त्या गॉसिपही येतात, पाणी चढत असताना मद्याचे भांडे फिरवितात आणि गाणे म्हणतात. अखेर मुलगे आईला उचलून तारवात नेतात आणि आत पाऊल टाकताच ती नोहाच्या थोबाडीत मारते. प्रेक्षक खो खो हसत असणार.

हा प्रसंग सहसा भांडखोर बायकोचे विडंबन म्हणून वाचला जातो आणि तो तसा लिहिलाही गेला आहे. परंतु ‘गॉसिप’ या शब्दाच्या जागी त्याचा जुना अर्थ ठेवून पाहावे. ही बाई मागते काय? देवाच्या ठायी जे आपले नातलग, त्यांना वगळून मिळणारे तारण मला नको, एवढेच. नोहाला आज्ञा पाळायची आहे. तिला सोयरीक पाळायची आहे. नाटककाराला हा पेच दिसला होता की नाही, हे सांगता येत नाही. त्याने तो हसण्यावारी नेला. पण त्या हशाखाली त्या बाया बुडतात. त्यांच्यासाठी थोबाडीत का होईना, पण हात उचलणारी ती एकटीच आहे.

शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’च्या शेवटी ताटातूट झालेले कुटुंब तेहेतीस वर्षांनी एकत्र येते, तेव्हा मठाधिपती झालेली आई सर्वांना ‘गॉसिपांच्या मेजवानी’चे आमंत्रण देते, म्हणजे जणू मुले आजच जन्मली आणि आजच त्यांचे बारसे. ‘आठवा हेन्री’ नाटकात तर खुद्द राजा बाल एलिझाबेथच्या धर्ममातापित्यांना या शब्दाने गौरवितो. पुढे 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनने कोश रचला, त्यात या शब्दाच्या तीन पायऱ्या नोंदविल्या आहेत : बाप्तिस्म्याचा जामीन, मद्यपानातला सोबती, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या बायांप्रमाणे चुगल्या करीत हिंडणारी व्यक्ती. पवित्र कुंडापासून पेल्यापर्यंत आणि पेल्यापासून चव्हाट्यापर्यंत! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माणूस उरलाच नाही. शब्द नुसत्या वटवटीचे नाव झाला.

असे का घडले? सिल्व्हिया फेडेरिची या लेखिकेने 2018 च्या आपल्या पुस्तकात यावर एक निबंध लिहिला आहे. स्त्रियांचे आपसातले बळ मोडण्यासाठी त्यांच्या मैत्रीचा शब्दच बदनाम केला गेला, असे तिचे प्रतिपादन आहे. ज्या काळात स्कॉटलंड-इंग्लंडात ‘तोंडाळ’ ठरविलेल्या बायकांच्या तोंडाला लोखंडी लगाम घालून त्यांची धिंड काढीत, त्या काळाविषयी हे म्हणणे उडवून लावता येणार नाही. पण लेखिका स्नानकुंडापाशी पुरेशी थांबत नाही, असे मला वाटते. धर्माचे नाते सैल झाल्यावाचून त्याचे नाव इतके स्वस्त होत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्ममातापित्यांची संख्या एक किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री अशी मर्यादित केली आणि विवाहाच्या आडकाठीचे जाळे आवरले. 1917 च्या धर्मसंहितेने बालकाचे आईबाप आणि धर्ममातापिता यांच्यातली आडकाठी काढून टाकली. 1983 च्या संहितेने तो निर्बंध पूर्णच वगळला. लग्नाच्या अडचणी दूर झाल्या हे बरेच झाले. मात्र त्या आडकाठीबरोबर, ही माणसे आपली खरीखुरी सोयरी आहेत, ही जाणीवही पातळ होत गेली.

शिवाय ही केवळ इंग्रजांची करणी नव्हे. कॅथलिक फ्रान्समध्ये ‘कोमेर’ म्हणजे मुळात सहमाता, धर्ममाता. तिच्यापासून ‘कोमेराज’, म्हणजे कुचाळकी, निघाले. स्पॅनिशमध्ये ‘कोमाद्रे’पासून चुगल्या करण्याचे क्रियापद निघाले आणि तिच्यापासूनच सुईणीचेही नाव. पुरुष ‘कोंपेर’ मात्र मित्र, जोडीदार, सभेचा सूत्रधार अशा बऱ्या जागी पोहोचला. स्नानकुंडाशी दोघे एकत्र उभे राहिले आणि बदनामी एकीच्याच वाट्याला आली. इथे फेडेरिचीबाईंचे म्हणणे पुन्हा मान्य करावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘गॉसिप’ हा शब्द कोठेही नाही. नीतिसूत्रांतील आणि तीमथ्याच्या पत्रातील चहाडखोरांना तेथे दुसरी नावे आहेत. विसाव्या शतकातील भाषांतरांनी त्या जागी ‘गॉसिप’ आणले. 6 सप्टेंबर 2020 रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी, चहाड्या ही कोविडपेक्षाही वाईट साथ आहे, असे म्हटले; बोलले ते इटालियनमध्ये, पण इंग्रजी वार्ताहरांनी जगभर पोहोचविला तो हाच शब्द. धर्ममातेसाठी घडलेले नाव आता ख्रिस्तसभेच्या पापांच्या यादीत आहे. उपदेश योग्यच आहे. पण शब्दाची दैना कमी होत नाही.

मराठीला चहाडी, चुगली, कुटाळकी, उखाळ्यापाखाळ्या असा भरगच्च साठा असताना ‘गॉसिप’ची गरज नव्हती. मुंबईच्या इंग्रजी चित्रपट-मासिकांच्या पानांवरून तो नटनट्यांच्या भानगडी घेऊन आपल्याकडे उतरला, तो शेवटच्या पायरीवरून. वरच्या पायऱ्या आपण पाहिल्याच नाहीत. उलट, मुलामुलीच्या लग्नाने जोडल्या जाणाऱ्या आईबापांसाठी आपल्याकडे व्याही आणि विहीण हे घरंदाज शब्द आहेत. स्नानसंस्काराने जोडल्या जाणाऱ्यांसाठी तसा शब्द नाही. पोर्तुगीजांचे ‘कोंपाद्रे’ आणि ‘कोमाद्रे’ गोव्याच्या कोंकणीत झिजलेल्या रूपांत राहिले, पण प्रमाण मराठीने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. आपण बालकाकडून पाहिलेले धर्मपिता आणि धर्ममाता तेवढे ठेवले.

धर्मग्रामाच्या कचेरीतील स्नानसंस्काराची वही उघडली की एका रकान्यात आईबापांची नावे असतात, दुसऱ्यात धर्ममातापित्यांची. ही नोंद आजच्या धर्मसंहितेप्रमाणेही सक्तीची आहे. त्या दोन रकान्यांतली माणसे एकमेकांची कोण लागतात, हे सांगणारा शब्द इंग्रजांनी चव्हाट्यावर हरविला. आपल्या वहीत त्याची जागा पहिल्यापासूनच कोरी आहे.